साखळीतील मुकी चिप
(खाणयंत्रांची दुरुस्ती : लेखांक ६)

बिटमेन या चिनी कंपनीने २०१६ साली बाजारात आणलेले ‘अँटमायनर एस-९’ हे बिटकॉइनचे खाणयंत्र आज जुने झाले असले, तरी नादुरुस्त भाग शोधण्याची विद्या त्याच्यावर जितकी सहज शिकता येते, तितकी नव्या यंत्रांवर येत नाही. ‘हॅश’ नावाची एकाच प्रकारची आकडेमोड सेकंदाला सुमारे साडेतेरा लाख कोटी वेळा करून पाहणे एवढेच त्याचे काम, आणि त्यासाठी त्यात तीन हॅश बोर्ड व प्रत्येक बोर्डावर ६३ चिप असतात. ही चिप एका कामाखेरीज दुसरे काहीही करू शकत नाही. अशा एककामी चिपला ‘एसिक’ म्हणतात.

या ६३ चिपांची जोडणी समजली की निम्मी दुरुस्ती समजली. तीन-तीन चिपांचे २१ गट करून ते गट गणपतीच्या मखरातील जुन्या दिव्यांच्या माळेप्रमाणे एकामागोमाग एक जोडलेले असतात, आणि बोर्डावरचा सुमारे ९ व्होल्टांचा दाब त्यांच्यात वाटला जाऊन प्रत्येक गटाच्या वाट्याला जेमतेम ०.४ व्होल्ट येतो. त्यामुळे एखादा गट आतून शॉर्ट झाला, तर त्याचा वाटा उरलेल्या वीस गटांच्या अंगावर पडतो आणि तेही हळूहळू तापू लागतात. संदेशांची वाटही अशीच साखळीची असते. आज्ञा आणि ताल देणारा क्लॉक हे पहिल्या चिपकडून त्रेसष्टाव्या चिपकडे हातोहात सरकतात, तर उत्तरे त्याच वाटेने उलट परततात, आणि म्हणून मधली एक चिप मुकी झाली की तिच्या पलीकडच्या धडधाकट चिपाही हजेरी लावू शकत नाहीत. यंत्राच्या स्थितिदर्शक पानावर प्रत्येक निरोगी चिपमागे ‘ओ’ आणि आजारी चिपच्या जागी ‘एक्स’ हे इंग्रजी अक्षर उमटते. मात्र साखळीच तुटली, तर तो बोर्ड त्या पानावरून नाहीसा होतो.

बोर्ड तपासणी-संचावर चढवून ‘३० चिप सापडल्या’ असे उत्तर आले, तर संशय अर्थातच एकतिसाव्या चिपवर जातो. पण लगेच हॉट एअर गन हाती घेणे हा उतावळेपणा ठरतो, कारण दोष तिसाव्या चिपच्या टाक्यात, मधल्या बारीक रेझिस्टरमध्ये किंवा त्या गटाला १.८ व्होल्ट पुरवणाऱ्या छोट्या रेग्युलेटरमध्येही असू शकतो. म्हणून चिपांमधल्या चाचणी-बिंदूंवर मल्टिमीटरची टोके टेकवून क्लॉकला सुमारे ०.९ आणि आज्ञा व उत्तराच्या तारांवर सुमारे १.८ व्होल्ट मिळतात का, हे एकेक करून पाहावे लागते. हे मोजताना काळे टोक बोर्डाच्या सामाईक ग्राउंडवर ठेवले, तर आकडे निरर्थक येतात, कारण माळेतील प्रत्येक गटाचे ग्राउंड त्याच्या खालच्या गटाच्या डोक्यावर उभे असते. नवशिक्यांचे दिवसच्या दिवस या एका चुकीत जातात.

दोष पक्का झाल्यावरचे काम कल्याण, डोंबिवली किंवा उल्हासनगरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला परके नाही. हीटसिंक सोडवायचा, फ्लक्स लावून गरम हवेने चिप उचलायची, जुने शिसे डिसोल्डरिंग विकने टिपून पॅड साफ करायचे, नव्या चिपला पातळ कथिल चढवून कोपऱ्यातील ठिपक्याची दिशा जुळवून बसवायची. फरक इतकाच, की मोबाइलचा बोर्ड तळहाताएवढा असतो, तर हा बोर्ड जाड तांब्याचा असल्याने उष्णता शोषून घेतो, आणि खालून गरम केल्याशिवाय शिसे धड वितळत नाही.

कल्याण-डोंबिवली-उल्हासनगरच्या या पट्ट्यात चिप का बिघडतात, याची कारणे हवेतच आहेत. खाडी आणि उल्हास नदीच्या सान्निध्यातील पावसाळी दमट हवा पंखे सतत आत ओढतात. यंत्र तापलेले असते तोवर ओल टिकत नाही, पण वीज गेली आणि बोर्ड निवला की साचलेली धूळ ती ओल धरून ठेवते आणि वीज परतताच चिपच्या पायांच्या मधून नको ते प्रवाह वाहू लागतात. गंधकयुक्त वायूंचा त्रास याहून छुपा असतो, कारण ते बारीक रेझिस्टरच्या टोकातील चांदी पोखरतात आणि वरून धड दिसणारा भाग आतून तुटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ज्या ४३ औद्योगिक पट्ट्यांना अतिप्रदूषित ठरवले, त्यांत डोंबिवली होते, हे येथे विसरता येत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत उरलेल्या दोन बोर्डांवर यंत्र चालवता येते. बिघडलेल्या बोर्डाची संदेशवाहक केबल आणि वीज देणारे तिन्ही प्लग काढायचे, मात्र बोर्ड बाहेर न काढता जागेवरच ठेवायचा, कारण खाच रिकामी राहिली तर पंख्याची हवा तिकडूनच पळते आणि कामाचे बोर्ड तापतात. चालू बोर्डाचे तिन्ही प्लग घट्ट बसलेले असावेत. एक जरी ढिला राहिला, तरी त्याचा भार उरलेल्या दोनांवर पडून प्लास्टिक वितळते.

इतके सारे जमले तरी खरा निर्णय मीटरच्या पेटीत होतो. अखंड यंत्र सुमारे १३५० वॅट ओढते, म्हणजे २३० व्होल्टांवर जवळजवळ ६ अँपियर. जुन्या इमारतींतील सहा अँपियरचा साधा प्लग या रात्रंदिवस भाराने काळा पडतो, म्हणून त्याला सोळा अँपियरचा पॉवर पॉइंटच हवा. महिन्याला सुमारे ९७० युनिट होतात, आणि महावितरणच्या घरगुती दरपत्रकात ५०० युनिटांपुढचा टप्पा सर्वांत महाग असतो. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागचे बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आले. त्यानंतर जगभरच्या यंत्रांची एकूण क्षमता सेकंदाला ६०० एक्साहॅश आणि बिटकॉइनचा भाव ६० लाख रुपये धरला, तर या यंत्राची दिवसाची मिळकत साठ रुपयांच्या आसपास येते, आणि युनिटला केवळ दहा रुपये धरले तरी दिवसाची वीज सव्वातीनशेची होते. तीन बोर्डांऐवजी दोनच चालवले, तर मिळकत एक तृतीयांशाने घटते, पण पंख्यांचा खर्च तेवढाच राहतो.

करांचा हिशेबही याला साथ देत नाही. आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागू झाला, आणि खाणकामासाठीच्या पायाभूत सुविधांचा खर्च संपादनाच्या खर्चात धरता येणार नाही, असे अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. तेव्हा दुरुस्तीत घातलेले पैसे उत्पन्नातून वजा होण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणून या भागातील घरगुती जोडणीवर एस-९ दुरुस्त करणे हा धंदा नव्हे, शिक्षण आहे, आणि मेलेला बोर्ड फेकण्यापेक्षा सुट्या चिपांचा साठा म्हणून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

हॅश बोर्डावरचे दाब अंगाला जाणवणारही नाहीत इतके कमी असल्याने त्यावर काम करतानाच्या चुका पैशावर बेततात, जिवावर नाही. पॉवर सप्लायचे तसे नाही: त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टांच्या आसपासचा दाब काही काळ टिकून राहतो, आणि तो सुरक्षितपणे कसा उतरवावा हा पुढील लेखांकाचा विषय आहे. तोवर त्याची पेटी उघडू नये.