लाखोरीच्या मुळावरचे गुलाबी दाणे

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या शिवारात धान पिवळं पडतं, पण बांधीतली माती अजून ओलीच असते. कापणीला आठ-पंधरा दिवस उरले की शेतकरी उभ्या धानातच लाखोरी या कडधान्याचं बी फेकतो. त्यासाठी नांगरट नाही की वखरणी नाही. धान कापून नेलं की खुंटांमधून कोवळी रोपं डोकं काढतात आणि पौषात त्याच बांध्या निळ्या फुलांनी भरून जातात. या रीतीला उतेरा म्हणतात. चांदपूर तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या या भागात तिचं कोणाला अप्रूप नाही. खरं अप्रूप मातीखाली आहे.

लाखोरीचं एक रोप खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचलावं आणि बादलीतल्या पाण्यात हलवत धुवावं. मुळं ओढू नयेत, नाहीतर हवं तेच तुटून मातीत राहतं. धुतलेल्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. एक गाठ नखाने चिरली की आत गुलाबी रंग निघतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गोतातलंच एक प्रथिन तिथे असतं, लेगहिमोग्लोबिन. गाठीत राहणारे रायझोबियम जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं पिकाला पचणारं खत करतात. हे काम ज्या विकराकडून होतं, ते ऑक्सिजन लागला की निकामी होतं. पण जीवाणूंना श्वासाला ऑक्सिजन तर हवाच! म्हणून लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. त्याचा अमोनिया करायला खतकारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. लाखोरीची गाठ तेच काम बांधीतल्या थंड मातीत करते.

गाठीतला जीवाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो १८८८ मध्ये, हॉलंडच्या मार्टिनुस बायरिंक यांनी. आज सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करणारी मुलगी हाच प्रयोग प्रात्यक्षिकात करते. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण या विषयाची सगळी शिस्त त्यात उतरली आहे.

अडचण अशी की हवा तो जीवाणू गाठीच्या आत आणि नको ते हजारो बाहेर. म्हणून गाठ आधी अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट आणि मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात काही मिनिटं बुडवतात. नंतर निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धुतात, थेंबभर पाण्यात काचेच्या कांडीने चिरडतात आणि तो पांढुरका रस लूपने प्लेटवर ओढतात. लूप म्हणजे टोकाला कडं असलेली तार. दर वेळी ती ज्योतीत लालभडक करायची, निवू द्यायची, मगच टेकवायची. प्लेटचं झाकण अर्धवटच उचलायचं, तेही ज्योतीच्या जवळ. प्लेटमध्ये यीस्टचा अर्क, मॅनिटॉल ही शर्करा आणि काँगो रेड हा लाल रंग घातलेलं आगर असतं. २८-३० अंशांवर तीनेक दिवस ठेवलं की लाल जमिनीवर दुधाळ, चिकट, फुगीर ठिपके उगवतात. रायझोबियम हा रंग फारसा शोषत नाही. बाकीचे बरेचसे जीवाणू शोषून लाल होतात.

आणि इथेच जाणकार हात ओळखू येतो. गाठ ज्या पाण्याने शेवटची धुतली, त्याचाही थेंब वेगळ्या प्लेटवर घालून ठेवायचा. त्या प्लेटवर काहीही उगवता कामा नये. उगवलं, तर दुसऱ्या प्लेटवरचे सुंदर ठिपके गाठीच्या आतलेच, असं म्हणता येत नाही आणि तीन दिवस वाया जातात. या जोडप्लेटला कंट्रोल म्हणतात. पुढे ठिपक्याची स्लाइड करून ग्रॅम रंजन करायचं. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांची ही १८८४ ची रीत, आणि रायझोबियम तिच्यात गुलाबी दिसतो. तरीही निकाल लागलेला नसतो. निर्जंतुक मातीत लाखोरीची रोपं वाढवायची, काहींना हा जीवाणू द्यायचा, काहींना नाही. दिलेल्यांच्याच मुळांवर गाठी आल्या, तर ओळख पटली.

प्लेटमधल्या आगराचीही गोष्ट सांगायला हवी. जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळे आणि काही जीवाणू ते खाऊनही टाकत. १८८१ च्या सुमारास तिथले सहकारी वाल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं आगर सुचवलं. समुद्री शेवाळापासून निघणारं हे आगर ८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि ४० च्या खाली उतरल्यावरच घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की भंडाऱ्याच्या मे महिन्यातही ते पातळ होत नाही. जिलेटिनचं इथे पाणी झालं असतं. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारं चायनाग्रास ते हेच.

धानाच्या बांधीत जीवाणूंची आणखी पुष्कळ वस्ती आहे. भातखाचरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळे (तेही खरं तर जीवाणूच) जमिनीला नायट्रोजन मिळतो, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवलं. रोवणीनंतर चिखलात पाय रोवला की जे बुडबुडे वर येतात, त्यांत मिथेन असतो, आणि तो मिथेन खाऊन जगणारे जीवाणूही तिथेच असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटाने पश्चिम भारतातल्या भातशेतीतून असाच एक मिथेनभक्षी जीवाणू वेगळा केला. त्याचा आकार काकडीसारखा, म्हणून नाव मेथिलोकुकुमिस ओरायझी. ओरायझी म्हणजे भाताचा.

हे सगळं शिकलेल्या मुलीने गावातल्या शाळेत जायचं ठरवलं, तर तिला प्रयोगशाळा सोबत न्यायची गरज नाही. घरचा कुकर शिट्टीखालच्या दाबावर १२० अंशांच्या आसपास जातो. प्रयोगशाळेत निर्जंतुकीकरणासाठी वापरतात तो ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर पंधरा मिनिटं चालतो. दोघांचं तत्त्व एकच, आणि हे ऐकल्यावर मुलं घरच्या कुकरकडे वेगळ्या नजरेने पाहतात. चायनाग्रास, उकडलेल्या बटाट्याचं थोडं पिठूळ पाणी, चिमूटभर साखर, एवढ्यात प्लेट होते. एका प्लेटवर न धुतलेलं बोट, दुसरीवर साबणाने धुतलेलं, तिसरी कोरी. मात्र झाकण लावलं की चिकटपट्टीने बंद, पुन्हा उघडायचं नाही, आणि पाहून झालं की कुकरमध्ये घालून मगच फेकायचं. काय उगवेल याची खात्री नसते, म्हणून या नियमाला सूट नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणते आहे. अशा कामाला तिच्यासारखीच सोपी, नेमकी मराठी लागते. मुलाला ‘कॉलनी’ समजते, पण आधी ‘एकाच जीवाणूची लेकरं-नातवंडं एका ठिपक्यात’ असं सांगितलं तर लवकर समजते.

शाळेतल्या अशा प्रयोगांतही सर्वांत उपयोगाची मला वाटते ती पाणी तपासायची बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतले मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये ही साधी चाचणी मांडली. निर्जंतुक बाटलीत रसायनं शोषलेली कागदाची पट्टी असते. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जीवाणू असले, तर बहुधा त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो लोहाशी मिळतो आणि पाणी काळंकुट्ट होतं. ही प्राथमिक तपासणी आहे. काळी बाटली निघाली की नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवायचा असतो.

मुलांकडून तीन बाटल्या भरून घ्याव्यात. एक विहिरीच्या पाण्याची, एक हातपंपाची आणि एक उकळून गार केलेल्या पाण्याची. तिसरी कशाला, असं कोणीतरी विचारतंच. उत्तर लगेच देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची बाटली काळी पडलेली असली आणि उकळलेल्या पाण्याची तिच्या शेजारी तशीच नितळ उभी असली, तर मुलं त्या दोन बाटल्या घेऊन स्वतःच गावच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या जलसुरक्षकाकडे निघतात, आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर कधी टाकली होती ते विचारतात.