डोळ्यातला समुद्रपंखा

बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डॉक्टर डोळ्याच्या मागच्या पडद्याची पार कड न्याहाळतात, तेव्हा काही सिकलसेल रुग्णांच्या डोळ्यात त्यांना एक लाल पंखा दिसतो. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची ही जाळी प्रवाळाच्या कुळातल्या समुद्रपंख्यासारखी पसरलेली असते. रुग्णाला पत्ताही नसतो, कारण वाचायला लागते ती मधली नजर शाबूत असते.

पंखा उगवतो उपासमारीतून. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल तेवढं बदललेलं. पण ऑक्सिजन घटला की तांबड्या पेशी ताठरतात, विळ्यासारख्या वाकतात आणि कडेच्या वाहिन्या तुंबवतात. उपाशी पडदा नव्या वाहिन्या मागवतो. त्या कच्च्या असतात. फुटल्या तर डोळ्यात रक्त उतरतं, ओढ बसली तर पडदाच सुटतो. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये मांडलेले याचे पाच टप्पे आजही वापरात आहेत.

खरी गंमत पुढेच. आईवडील दोघांकडून सिकल आलेले ‘एसएस’ रुग्ण अंगाने जास्त आजारी. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून ‘सी’ हिमोग्लोबिन आलेले, जे पश्चिम आफ्रिकेत आणि जमैकात बरेच आढळतात, तुलनेने धडधाकट. तरी पंखे जास्त उगवतात ते या धडधाकटांच्याच डोळ्यांत! एक स्पष्टीकरण असं, की त्यांचं रक्त दाट राहतं. उलट ‘एसएस’मध्ये वाहिन्या इतक्या पुरत्या बुजतात की पंख्याला उगवायलाही रक्त उरत नाही. त्याहून नवल म्हणजे कित्येक पंखे त्याच वाकड्या पेशींनी तुंबून आपोआप सुकतात. रोगच रोगाचा काटा काढतो! म्हणून दिसला पंखा की मारा लेझर, अशी घाई डॉक्टर करत नाहीत.

विदर्भात आणि नंदुरबारकडे एकाकडूनच सिकल आलेली ‘एएस’ म्हणजे वाहक माणसं पुष्कळ. त्यांना एरवी सहसा काही होत नाही. पण चेंडू किंवा विटी लागून बुबुळापुढे रक्त साचलं, तर तिथल्या पाण्यात ऑक्सिजन इतका कमी की वाहकाच्याही पेशी वाकतात. निचऱ्याची वाट तुंबते, दाब चढतो आणि इतरांना सोसेल एवढ्या दाबानेही दृष्टीची नस दुखावू शकते. दाबावरचं नेहमीचं अ‍ॅसिटाझोलामाइडसुद्धा इथे जपून द्यावं लागतं.

तेव्हा डोळ्याला मार लागला, तर आपला सिकलसेलचा पॅटर्न, म्हणजे ‘एएस’ की ‘एसएस’, डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर नजर कितीही स्वच्छ असो, दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी त्याचा पडदा तपासून घ्या.