लाकडी मासा पाणी पितो तेव्हा...

मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला मामाकडे मी एक लाकडी मासा बनवला. खायचा नाही, फसवायचा! याला ल्युअर म्हणतात. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, पोटात शिसं, खाली गळ आणि वर चकाचक ऑइलपेंट. खाडीत पहिला तासभर एकदम झकास पोहला. मग कलंडायला लागला. नेमका तेव्हाच चोणक लागला (रायगडकडे यालाच जिताडा म्हणतात). दोन हिसके बसले आणि गळाची कडी लाकडातून उपटून आली. मासा गेला तो तोंडात माझा गळ घेऊनच. ते मला अजून डाचतं.

मामा एवढंच म्हणाला, "अरे, रंग दिल्यावर भोक पाडलंस. पाणी तिथूनच आत गेलं."

झालं काय, तर लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. कापलेल्या टोकांतून आणि भोकांतून ते भराभर पाणी ओढतं. मग ते आडवं फुगतं, पण वरचा रंग तेवढा ताणत नाही, म्हणून तडकतो. वजन वाढतं, तोल बिघडतो आणि मऊ लाकडात स्क्रूची पकड सुटते. म्हणून रंगाच्या आधी सीलर हवा. पण कोणता?

जवसाचं उकळलेलं तेल स्वस्त, आत मुरतं, पण वाळायला कित्येक दिवस घेतं. शिवाय तेलाचा बोळा चुरगळून टाकला तर आपोआप पेट घेऊ शकतो. हॉस्टेलवाल्यांनो, तो पसरून वाळवा, गादीखाली नको!

स्पिरिटमधली चपडा लाख मिनिटांत वाळते. रंगाखालचा थर म्हणून ठीक, पण पाण्यात राहिली की पांढरी पडते.

सुतारांचा वुड सीलर लाकडाची छिद्रं बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करतो. मात्र तो एकटा पाणी अडवत नाही, वर पक्कं वॉर्निश लागतंच.

दोन भागांचं इपॉक्सी सगळ्यात भक्कम. पातळ असेल तर भोकांतही शिरतं. पण रेझिन-हार्डनरचं प्रमाण काटेकोर हवं. हार्डनर जास्त ओतला म्हणून ते जास्त घट्ट होत नाही, उलट चिकट राहतं. हातमोजे घाला, आणि थर बसेपर्यंत मासा फिरवत ठेवा, नाहीतर सगळं पोटाशी ओघळतं. उन्हाने पिवळं पडतं, पण वर रंग असला की बिघडलं कुठे?

यावरून फिनलंडचे लाउरी रापाला आठवतात. त्यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडाचा ल्युअर कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि लॅकर नव्हतं म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. पुढे त्या नावाची कंपनी जगभर पोचली. म्हणजे सीलर महागच हवा असं नाही, तो पाणी अडवणारा हवा.

माझा क्रम आता ठरलाय: आधी सगळी भोकं, मग लाकूड पूर्ण वाळवणं, मग भोकांसकट पातळ इपॉक्सीचे दोन हात, कडीही इपॉक्सीतच बसवायची, शेवटी रंग. खाडीवर नेण्याआधी मासा लॅबच्या काट्यावर तोलायचा, रात्रभर बादलीत ठेवायचा, सकाळी पुसून पुन्हा तोलायचा. वजन वाढलं तर नापास, केटी!

चोणक सुटला तरी चालेल, पण पुन्हा माझा गळ तोंडात घेऊन जायला नको.