खानदेशी खिडकीचा हिशेब

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे आलेल्या पाहुण्याला पहिले नवल वाटते ते बंद खिडक्यांचे. मुंबईचा माणूस उकडू लागले की खिडकी उघडायला धावतो. आमच्याकडची गृहिणी मात्र सकाळी दहाच्या सुमारास घरभर फिरून एकेक खिडकी लावून घेते, पडदे ओढते आणि उन्हे कलेपर्यंत कुणाला त्यांना हात लावू देत नाही. यात वेडेपणा मुळीच नाही. बाहेर पारा ४४-४५ अंशांवर चढला की वारा म्हणजे भट्टीची झळ. ती घरात घेऊन गारवा कसा मिळणार? जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या याच हिशेबाने बांधलेल्या असत.

या शहाणपणाची कसोटी लागली ती करोनाच्या साथीत. पहिली टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, आणि दुसरी लाट भरात आली ती २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे दोन्ही वेळा माणसे घरात कोंडली गेली ती नेमकी खिडक्या लावण्याच्या दिवसांत! त्यात भीतीची भर पडली. समोरच्या घरात रुग्ण निघाला की त्या बाजूची खिडकी पक्की लागे. वाऱ्यावरून रोग येईल ही धास्ती.

प्रत्यक्षात धोका होता तो घरातल्याच हवेत. रुग्ण बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा त्यातले सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. एका उदबत्तीने बंद खोली कशी भरून जाते, ते आठवून पाहा. तोच धूर अंगणात विरून जातो. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी काढलेल्या सूचनापत्रात सांगितले होते की, मोठे थेंब २ मीटरच्या आत खाली बसतात, पण सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात; म्हणून घरात वारा खेळता ठेवावा.

प्रत्येक साथीला खिडकी हाच उतारा, असे मात्र नव्हे. १८९६ नंतरच्या प्लेगात घरात ऊन-वारा यावा म्हणून छपरांची कौले काढीत. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. क्षयाची गोष्ट वेगळी. तो हवेतूनच पसरतो. पेरू देशातल्या लिमा शहरातील रुग्णालयांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत दारे-खिडक्या सताड उघडल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत असल्याचे आढळले. यंत्राने वारा खेळवलेल्या खोल्यांसाठी हा आकडा १२ धरला होता. जुन्या, उंच छतांच्या इमारती यात सरस ठरल्या.

मग ४५ अंशांत करावे काय? उत्तर आपल्या घरातल्या कूलरपाशीच आहे. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून आत सोडतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली, तर आतली हवा तिकडून बाहेर पडते, आणि अंगाला होणारी चिकचिकही कमी होते. ‘इश्रे’ या वातानुकूलन क्षेत्रातील संस्थेनेही एप्रिल २०२० मध्ये हेच बजावले होते, की कूलरने हवा बाहेरूनच घेतली पाहिजे. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर आतलीच हवा घुसळतो. घरातला एसीही बहुधा तीच हवा गार करून पुन्हापुन्हा फिरवतो.

घरात कुणी आजारी असेल, तर त्याच्या खोलीतला वारा इतरांच्या अंगावर येणार नाही, असा पंखा ठेवावा. हवा बाहेर फेकणारा पंखा असल्यास उत्तमच. ऊन उतरले की समोरासमोरच्या खिडक्या रात्रभर उघड्या टाकाव्यात. डासांची भीती असेल, तर जाळी बसवावी.

दिवाळीचे पाहा. लक्ष्मी यायची म्हणून तिन्हीसांजेला दार उघडे ठेवणारे आपण, थंडी पडली की मात्र फट न् फट बुजवून निजतो. धुळ्याला हिवाळ्यात पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा हा मोह समजण्यासारखा आहे. तरी घरात कुणाला खोकला असेल, त्या रात्री खिडकी निदान चार बोटे उघडी असू द्यावी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर एक गोधडी जास्त घालावी.