‘ऑस्कर वाइल्ड क्र. १८’ : छायाचित्राला कर्ता मिळवून देणारा खटला

छायाचित्रण ही कला की यंत्राची करामत, हा वाद जवळजवळ कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली. १८५९ मध्ये कवी बोदलेरने छायाचित्रणाला बजावले, की कला आणि विज्ञान यांची चाकरी करावी, त्यापुढे जाऊ नये. १८६२ साली फ्रेंच न्यायालयाने छायाचित्राला कलाकृतीचे संरक्षण दिले, तेव्हा अँग्रसारख्या मातब्बर चित्रकाराने निषेधाच्या पत्रकावर सही केली. या वादाचा मुद्देसूद कीस मात्र पडला तो अमेरिकेत, एका चोरीच्या तक्रारीवरून.

जानेवारी १८८२ मध्ये आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांच्या दौऱ्यासाठी न्यूयॉर्कला पोचला. युनियन स्क्वेअरवरच्या नेपोलियन सॅरोनीच्या स्टुडिओत त्याची बरीच छायाचित्रे निघाली. त्या काळी नामवंतांच्या, विशेषतः नटनट्यांच्या छायाचित्रांचा धंदा जोरात होता आणि सॅरोनी त्यातला बडा असामी. अठराव्या क्रमांकाच्या छायाचित्रात वाइल्ड किंचित पुढे झुकून बसला आहे. कोपर गुडघ्यावर, डोके हातावर टेकलेले, दुसऱ्या हातात पुस्तक. तोकडी विजार, पायांत रेशमी मोजे आणि नजर थेट पाहणाऱ्याकडे.

बरो-जाइल्स या लिथोग्राफ (शिळाछाप चित्रे) छापणाऱ्या कंपनीने परवानगीवाचून या छायाचित्राच्या ८५,००० प्रती काढल्या. सॅरोनी कोर्टात गेला. गंमत म्हणजे तो स्वतः मूळचा लिथोग्राफरच!

नक्कल केली नाही, असे कंपनी म्हणालीच नाही. तिचा बचाव निराळा होता. अमेरिकेची राज्यघटना लेखकांना त्यांच्या ‘लेखना’वर हक्क देते, छायाचित्र हे लेखन नाही आणि ते काढणारा लेखकही नाही. समोर असेल ते यंत्र उतरवून घेते, त्यात माणसाची निर्मिती कुठली?

१७ मार्च १८८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती सॅम्युएल मिलर यांनी आधी ‘लेखना’चा मुद्दा निकालात काढला. १७९० च्या पहिल्याच कायद्याने नकाशांना संरक्षण दिले होते आणि तो करणाऱ्यांत घटना घडवणारी मंडळीही होती. मग त्यांनी छायाचित्राकडेच बोट दाखवले. वाइल्डला असे बसवले कोणी? पोशाख, पडदे, भोवतालच्या वस्तू यांची निवड कोणाची? छायाप्रकाशाचा मेळ कोणी साधला, चेहऱ्यावर हवा तो भाव कोणी आणला? हे सारे सॅरोनीच्या डोक्यातून आले, म्हणून तो या छायाचित्राचा कर्ता ठरला. भरपाई मिळाली ६१० डॉलर.

या निकालाची खरी नवलाई पुढे आहे. सॅरोनी कॅमेरा चालवण्याचे काम बहुतेकदा मदतनिसावर सोपवी आणि स्वतः समोरच्या माणसाला बसवण्यात, बोलते करण्यात रमे. म्हणजे न्यायालयाला जी निर्मिती दिसली, ती काचेवर प्रकाश पडण्याआधीच पुरी झाली होती. अशी मांडणी नसलेल्या, साध्या छायाचित्राचे काय, हा प्रश्न मिलर यांनी मुद्दाम खुला ठेवला.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्यावर सरळ उत्तर दिले आहे. कलागुण असो वा नसो, प्रत्येक छायाचित्र ‘कलाकृती’ आणि ते काढणारा तिचा कर्ता. त्यामुळे पासपोर्टचा फोटो आणि कलादालनात टांगलेले छायाचित्र कायद्याच्या लेखी एकाच रांगेत बसतात. कर्ता ठरवायला ही व्याख्या पुरते, कला ओळखायला पुरत नाही. ती ओळखायची तर मिलर यांचीच रीत उपयोगी: हे छायाचित्र असेच का दिसते, हे विचारत जावे. उत्तरे योगायोगाशी न थांबता एखाद्या माणसाच्या निवडीशी पोचू लागली, की यंत्राचा आक्षेप आपोआप लंगडा पडतो.