नळाला पाणी किती?

मुलांनो, तुमच्या नळाला पाणी किती येते, ते मोजून पाहा. एक बादली आणि घड्याळ घ्या. समजा, १५ लीटरची बादली भरायला ३ मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला ५ लीटर पाणी आले. यालाच प्रवाहाचा दर म्हणतात. असा नळ तासभर चालला, तर ३०० लीटर पाणी मिळेल.

मग गल्लीच्या टोकाच्या घरी धार बारीक का? वाहणारे पाणी पाइपाच्या आतील बाजूला घासते. या घर्षणामुळे दाब कमी होतो. पाइपाची लांबी दुप्पट झाली, की दाबातील घटही दुप्पट होते. त्याच पाइपातून दुप्पट पाणी नेले, तर घट सुमारे चौपट होते. पाइपाचा व्यास निम्मा केला, तर तेवढेच पाणी नेताना घट सुमारे ३२ पट होते! आतून गंजलेल्या, खडबडीत पाइपात घर्षण आणखी वाढते. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने असे प्रयोग करून १८५७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

म्हणून आपली भांडी भरताच नळ बंद करा. गल्लीच्या पाइपातील प्रवाह कमी होईल, घर्षण घटेल आणि शेवटच्या घरालाही पाणी मिळेल.