क्यूबिटांमधील अवांछित आंतरक्रिया व त्यांचे नियंत्रण

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुणे येथील क्वांटम तंत्रज्ञानविषयक तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा यांनी ६ क्यूबिटांच्या अतिसंवाहक क्वांटम प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. क्यूबिट जसजसे वाढतात, तसतसा त्यांच्यातील परस्परसंबंधांचा प्रश्न अधिक बिकट होतो.

समस्येचे स्वरूप

अतिसंवाहक क्यूबिट म्हणजे निरपेक्ष शून्याच्या निकट, सुमारे एक-दोन शतांश केल्विन तापमानात ठेवलेले विद्युत मंडल होय. गणनेसाठी दोन क्यूबिटांची जोडणी अपरिहार्य असते. मात्र गणना थांबल्यावरही ती जोडणी पूर्णपणे तुटत नाही. परिणामी, शेजारचा क्यूबिट ० अवस्थेत आहे की १ अवस्थेत, यानुसार पहिल्याची वारंवारता किंचित सरकते. यास ‘झेडझेड आंतरक्रिया’ म्हणतात. समजा, हे सरकणे ५० किलोहर्ट्झ आहे. तर अवघ्या १० मायक्रोसेकंदांत अर्ध्या आवर्तनाइतका कलाभेद साचतो आणि उत्तर चुकते.

नियंत्रणाचे उपाय

यावर प्रामुख्याने तीन उपाय योजले जातात. पहिला, शेजारी क्यूबिटांच्या वारंवारता परस्परांपासून पुरेशा दूर ठेवणे. दुसरा, दोहोंमध्ये नियंत्रणक्षम युग्मक बसवणे. थेट जोडणी आणि युग्मकामार्गे होणारी जोडणी परस्परविरुद्ध चिन्हांच्या केल्यास त्या एकमेकींना छेदतात. गूगलच्या २०१९ मधील ‘सायकामोर’ प्रोसेसरमध्ये असे युग्मक होते. तिसरा, जोडीतील एका क्यूबिटची अवस्था मध्यावर स्पंदाद्वारे उलटवणे. त्यामुळे पूर्वार्धात साचलेली त्रुटी उत्तरार्धात फिटते.

भारतीय प्रयत्न

टाटा संस्थेच्या वैज्ञानिकांनी वलयाकार अनुनादकाची रचना विकसित केली. १२ क्यूबिट सामावू शकणाऱ्या या रचनेत प्रत्येक क्यूबिट अन्य ९ क्यूबिटांशी जोडता येतो. जोडण्या वाढल्या की गणनेच्या पायऱ्या कमी होतात. परंतु अवांछित आंतरक्रियांचे मार्गही वाढतात. हा समतोल साधणे हीच खरी कसोटी होय.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्यूबिटांचे संगणक विकसित करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. ही संख्या गाठताना प्रत्येक क्यूबिटला शेजाऱ्याच्या प्रभावापासून मुक्त ठेवता आले, तरच त्या संख्येस अर्थ प्राप्त होईल, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.